माझ्या भीतीची तालीम

डबा माझ्या पाठीमागे वाजला. तेलाचा रिकामा पंधरा किलोचा डबा आणि त्यावर लोखंडी पाना. मी खुर्चीतून उडाले आणि डाव्या अंगावर पडले. तोंडात माती गेली. डावा हात कोपरात दुमडून छातीशी अडकला, मान खांद्याकडे ओढली गेली, तोंडातून लाळ सुटली. माझ्यासमोर सिनेमातली नटी उकिडवी बसली होती. ती हे सगळं वहीत लिहून घेत होती.

"छान," डायरेक्टर म्हणाले. "उठवा तिला. परत एकदा."

दोघांनी काखेत हात घालून मला उचललं आणि खुर्चीवर ठेवलं. पाठ पुन्हा डब्याकडे. बेल्ह्याच्या बैलबाजाराचं मैदान होतं ते. बाजाराचा वार नव्हता, म्हणून मोकळं पडलेलं. नुसत्या खुंट्या आणि वाळलेलं शेण. डबेवाला माणूस मला दिसत नव्हता. आता वाजेल. आता. आता. नाही वाजला. माझे खांदे वर चढून दुखायला लागले होते. डायरेक्टर नटीच्या शेजारी उभे राहून मागच्याला हाताने खूण करायचे, ते माझ्या ध्यानात आलं. मी त्यांच्या हाताकडे बघायला लागले. तर तेही त्यांच्या ध्यानात आलं. मग खूण करायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी दिलं, मला दिसणार नाही अशा जागी उभं करून.

माझे खांदे जरा खाली आले, तेव्हा वाजला.

त्या दिवशी सात वेळा वाजला. मी सात वेळा पडले. एकदाही 'नको' म्हणाले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी लोकांना नावं ठेवणार आहे आणि त्यात पहिलं नाव माझं आहे.

मी वारूळवाडीची. बौद्धवस्तीतली. जन्मले तेव्हा मला रडायला उशीर झाला. तेवढ्या वेळात मेंदूला काहीतरी कमी पडलं आणि हात, पाय, जीभ या तिघांनी माझं ऐकायचं निम्मं सोडून दिलं. मी चालते, पण वाकडं आणि हळू. मी बोलते, पण ऐकणाऱ्याला दम धरावा लागतो. दहावी पहिल्या झटक्यात पास झाले. डोकं जाग्यावर आहे. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तोंडातून लाळ आलेली दिसली की लोक डोकंही गेलं असं धरून चालतात.

आणि मी दचकते. तुम्ही दचकता तसं नाही. मागून न कळता आवाज आला की माझं अख्खं अंग एका झटक्यात ताठ होतं, हात वर उडतात, तोल जातो आणि मी पडते. दार आपटलं तरी. कुकरची शिट्टी झाली तरी. डॉक्टर म्हणाले, याला औषध नाही, सांभाळून राहा. लहानपणी दिवाळीचे चार दिवस मी आतल्या खोलीत पोत्यांच्या मागे काढायचे, कानात कापूस घालून. शाळेत मुलं मागून येऊन 'भॉक' करायची आणि मी पडले की टाळ्या पिटायची. मला बाहेरच्या जगाची भीती वाटायची आणि त्याहून जास्त माझ्याच अंगाची. ते कधी दगा देईल ते मला कळायचं नाही.

नव्वदीच्या मध्यावर मला अपंगांच्या कोट्यातून एसटीडी बूथ मिळाला. नारायणगावात, एसटी स्टँडच्या जवळ. पिवळा बोर्ड, काचेचं केबिन, लाल आकड्यांचं मीटर. पहिल्या दिवशी फोनची घंटी वाजली आणि मी स्टुलावरून खाली. आई म्हणाली, सोड हा नाद. मी सोडला नाही. फोनखाली गोधडीचा तुकडा घातला, घंटीचा आवाज बारीक केला, आणि रोज सकाळी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेजारच्या दुकानातून फोन करायला लावला. वाजू दे. पुन्हा वाजू दे. सात महिन्यांनी घंटी वाजली आणि मी पडले नाही. नुसती हलले आणि रिसीव्हर उचलला.

टोमॅटोचे व्यापारी माझ्याकडून वाशीला भाव विचारायचे. फौजेतल्या पोरांच्या आया ठरलेल्या वारी येऊन बसायच्या. एकदा एक अनोळखी पाहुणा काचेतून डोकावून म्हणाला, "मॅडम, जरा सोलापूर लावता का?" मॅडम! मी आठवडाभर घरात तो शब्द सांगत फिरले. आई वैतागून म्हणाली, "मॅडम, आता जेवा." असं होतं ते. त्या केबिनमध्ये मी कुणाची दया नव्हते. मला नंबर लावता यायचा आणि लोकांना तो लावून हवा असायचा.

तिथंच सिनेमावाले आले. बेल्हे, राजुरी, तिकडे घोडेगावच्या बाजूला त्यांचं शूटिंग होणार होतं आणि मुंबईला फोन करायला ते माझ्या बूथवर यायचे. डायरेक्टर दोन दिवस नुसते मला बघत होते. तिसऱ्या दिवशी नटीला घेऊन आले. ती पडद्यावर बघितलेली बाई माझ्या स्टुलाशेजारी खाली बसली आणि तिने माझा वाकडा हात स्वतःच्या हातात घेतला.

"आमच्या सिनेमाची नायिका तुझ्यासारखी आहे," ती म्हणाली. "मला शिकवशील?"

हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या पाठी. मला रात्रभर झोप नाही. नायिका, आणि माझ्यासारखी! दुसऱ्या दिवशी मी सगळा धीर गोळा करून नटीला विचारलं, "मंग... मलाच... का न्हाई... घेत?" तिला कळायला दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर ती हसली. वाईट नाही हसली, लाडाने हसली. माझ्या केसांवरून हात फिरवला.

"अगं वेडे, त्याला अभिनय यावा लागतो."

मला ते पटलं. खरंच पटलं. मला कुठं अभिनय येतो?

आता आबांचं सांगते. आबा बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दलाल होते. घेणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, उपरण्याखाली बोटं धरून सौदा जुळवायचा, हा त्यांचा धंदा. त्यांचा एक नेम होता आणि त्या नेमावर त्यांचं सगळं नाव उभं होतं. जनावराची खोड सांगितल्याशिवाय दावं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. मारका असेल तर मारका म्हणून सांगायचं. बसका असेल, म्हणजे कामात मध्येच बसून जाणारा, तर बसका. बुजरा असेल, म्हणजे आवाजाला, छत्रीला, फडक्याला बिचकून उधळणारा, तर तेही आधीच सांगायचं. आबांनी जुळवलेला बैल कधी माघारी आला नाही, असं बाजारात बोलायचे.

मला शूटिंगच्या गाडीत बसवताना आबांनी डायरेक्टरांना बाजूला घेतलं. मी ऐकत होते.

"सायेब, येक सांगून ठिवतो. पोरगी लई हुशार हाय. पण मागनं आवाज झाला का बुजती. पार पडती. येवढं तेवढं सांभाळा."

आबांच्या हिशेबाने त्यांनी माझी काळजी घेतली होती. खोड सांगितली म्हणजे पुढचा माणूस जपून वागतो, हा चाळीस वर्षांच्या बाजाराचा अनुभव. डायरेक्टरांचा चेहरा उजळला. "असं? मग तर फारच उत्तम," ते म्हणाले. आबांना वाटलं, माणूस भला आहे.

दुसऱ्याच दिवशी तेलाचा डबा आला.

डबा एक दिवस. मग टेंपोचा हॉर्न, माझ्या पाठीला टेंपो लावून. मग सुतळी बॉम्ब. कधी वाजवणार ते सांगायचे नाहीत, कारण सांगितलं तर 'खरं' येत नव्हतं. सकाळी गाडी वस्तीवर यायच्या आधीच हात दुमडायला लागायचा. आवाजापेक्षा आवाजाची वाट बघणं वाईट, हे ज्याने ती बघितलीय त्यालाच कळेल. घास तोंडात असताना वाजेल का? पाणी पिताना? एकदा पाणी पितानाच वाजवला. पाणी नाकातून आलं आणि नटी म्हणाली, "थांबा, हे मी नीट बघितलं नाही."

तिसऱ्या दिवशी बॉम्ब फुटला आणि माझं परकर-पातळ ओलं झालं. तिथं सतराशे साठ माणसं. मी वीस-बावीस वर्षांची. नटीने धावत येऊन स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली. मला रडू आलं, वाटलं, ही तरी बाई आहे, हिला समजलं. ती माझ्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "एक सांग ना. नेमकं सुरू कुठून होतं? खांद्यातून की मानेतून?"

मी सांगितलं, "मानंतनं."

त्या ओल्या कपड्यांत बसून मी तिला खरं उत्तर दिलं. आजही मला तिच्या प्रश्नापेक्षा माझ्या उत्तराची लाज वाटते. एवढ्या मोठ्या बाईने विचारलंय, तर नीट सांगायला पाहिजे, असं मला वाटलं होतं.

घरी मी काही बोलले नाही. आबा विचारायचे, "सांभाळत्यात ना?" मी मान हलवायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारी मीच.

मग खरं शूटिंग झालं, बाजाराच्या दिवशी, खऱ्या बैलांमध्ये. नायिका बाजारात हरवते, मागून आवाज होतो आणि ती पडते, असा प्रसंग. मला गर्दीच्या मागे उभं केलं होतं, कानात बोळे घालायला दिले होते. तेवढी दया आली होती. नटी पडली. हुबेहूब. मान आधी, मग खांदा, मग दुमडलेला हात. मी माझं अंग बाहेरून पहिल्यांदा बघितलं आणि मला मळमळलं. बाजारातली माणसं टाळ्या वाजवत होती. 'कट' झालं. तिचा हात उघडला. ती उठली, कपडे झटकले, शहाळ्याचं पाणी प्यायली.

माझा हात तिच्यासाठी केलेल्या आवाजाने दुमडला होता, तो संध्याकाळपर्यंत उघडला नाही.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. म्हणणाऱ्याने नटीच्या डोळ्यात बघायला पाहिजे होतं. तिथं भीती नव्हती. तिला माहीत होतं की डबा कधी वाजणार. तिनेच मान हलवून 'रेडी' म्हटलं होतं.

सिनेमा नारायणगावला लागला तेव्हा वस्तीतल्या बायकांनी मला मध्ये बसवून नेलं. पडद्यावर नायिका पाटलाची पोर होती. अंग माझं, घर पाटलाचं. ती पहिल्यांदा दचकून पडली तेव्हा लोक खदखदून हसले. दुसऱ्यांदा पडली तेव्हा गाणं सुरू झालं आणि लोक रडले. शेवटी नायक तिला छातीशी धरतो, मागे फटाक्यांची माळ फुटते आणि ती दचकत नाही. बरी होते. प्रेमाने. बाहेर पडताना शेजारची मावशी डोळे पुसत म्हणाली, "तुजं पन लगीन झालं ना, का समदं बरं व्हईल बघ." मी तिला काय सांगणार? तिने तीन तास बघितलं होतं.

आणि मग पोरं बूथवर यायला लागली.

आधी एकच आला. काचेवर थाप मारली. मी पडले. तो नटीचं सिनेमातलं नाव घेऊन ओरडला आणि पळाला. दुसऱ्या दिवशी तिघं आले. मग कॉलेजची पोरं, स्टँडवर गाडी लागेपर्यंत करमणूक म्हणून. मागच्या पत्र्यावर दगड. दारात चिमणी-फटाका. काही तर चांगल्या घरची माणसं, बायकापोरांना घेऊन यायची आणि म्हणायची, "हीच ती बरं का, खरी." आणि हळूच बोटाने काच वाजवायची. त्यांना वाटायचं, ते माझं कौतुकच करतायत.

सात महिन्यांची माझी कमाई पंधरा दिवसांत गेली. घंटी वाजली की मी पुन्हा पडायला लागले. रिसीव्हर हातातून सुटायचा. नंबर चुकायचे. वाशीचा भाव विचारायला आलेला व्यापारी हात जोडून म्हणायचा, "राहू द्या ताई, पलीकडनं लावतो." मॅडम गेलं, ताई आलं. एका सकाळी बूथवर जायला निघाले आणि पायच उचलेना. हायवे ओलांडायचा होता, ट्रकचे हॉर्न येणार होते, पलीकडे पोरं असणार होती. मी उंबऱ्यावर बसून राहिले. त्यानंतर तीन महिने मी घराबाहेर पडले नाही. दार वाजलं तरी आतल्या खोलीत जायचे. आई म्हणाली, चुलतभावाला बसवू बूथवर, नावावर तुझ्या राहील. मी हो म्हणणार होते. हो म्हटलं की मी पुन्हा पोत्यांच्या मागची पोरगी होणार, आता कायमची, हे मला कळत होतं. तरीही हो म्हणणार होते, इतकी घाबरले होते.

एका दुपारी आबा माझ्या खाटेशी येऊन बसले. मी त्यांना सगळं सांगितलं. डबा, हॉर्न, बॉम्ब, ओलं पातळ. किती वेळा, तेही. सांगायला तास गेला असेल. आबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले,

"बैल घेताना आमी बी वाजवून बघतो. पत्रा वाजवतो, छत्री उघडतो. पन येकदा. येकदा बघितलं, पटलं तर घेतला, न्हाई तर सोडला. पुन्ना पुन्ना कुनी न्हाई वाजवत. जनावर कामातनं जातं." आणि म्हणाले, "माजीच चूक झाली. मीच सांगितलं."

त्यांच्या डोळ्यात पाणी होतं. मला त्यांची दया यायला पाहिजे होती. नाही आली. माझ्या अंगात काहीतरी चढलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

"आबा, मी बैल न्हाई," मी म्हणाले. "तुमी माजी खोड सांगितली. माजं नाव... सांगितलं व्हतं का त्येंला?"

आबांनी आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं. त्या सगळ्या दिवसांत तिथं मला कुणी नावाने हाक मारली नव्हती. 'ही', 'तिला', 'हिला उठवा'. आबा उठून बाहेर गेले. त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू दे. आपल्या माणसानेही दावं धरूनच बोलायचं, मग परक्याला काय नावं ठेवायची?

पुढच्याच महिन्यात नटीला त्या भूमिकेसाठी मोठं बक्षीस मिळालं. आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी मंगल कार्यालयात तिचा सत्कार ठेवला. मी तिला शाल-श्रीफळ द्यायचं, असं ठरवून आमंत्रण आलं. ठरवून, म्हणजे मला न विचारता. मी जाणार नव्हते. पण वस्तीतले चार जण आले, म्हणाले, गावाचा मान आहे. आबा म्हणाले, "मी येतो संगं."

कार्यालयाच्या बाजूच्या खोलीत डायरेक्टर आम्हाला भेटले. खूश होते. "एक छोटी गंमत आहे," ते म्हणाले. "तुम्ही दोघी स्टेजवर पाठमोऱ्या बसायचं. पडद्याआडून आवाज होईल. दोघी दचकाल. आणि लोकांनी ओळखायचं, खरी कोण. बाईंचा अभिनय किती पोचलाय ते लोकांना कळेल."

माझा हात दुमडायला लागला. आबा म्हणाले, "सायेब, न्हाई."

"आबा, शेवटचं एकदाच," डायरेक्टर म्हणाले.

आबा म्हणाले, "मला नका इचारू. तिला इचारा."

डायरेक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "नाय."

"काय म्हणतेय?" त्यांनी आबांना विचारलं.

"तुमाला कळलंय ती काय म्हनली," आबा म्हणाले.

डायरेक्टर हसले. म्हणाले, घाबरलीये, स्टेजवर गेली की होईल नीट. आणि निघून गेले. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. चुकीचं पुकारलं, पण पुकारलं.

मी खरं सांगते, मला पळायचं होतं. पळता येत नाही म्हणून पळाले नाही, असंही कुणी म्हटलं तरी चालेल. आबा हात द्यायला पुढे झाले, मी तो घेतला नाही. स्टेजच्या पाच पायऱ्या मी कठड्याला धरून चढले. सगळं कार्यालय भरलेलं. नटी पाठमोऱ्या मांडलेल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर आधीच बसली होती. आणि मागच्या पडद्याच्या फटीत शूटिंगचा तो डबेवाला माणूस दिसला, हातात तोच पाना आणि नवा कोरा डबा. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, हा आवाज ऐकूनच मी पडेन.

मी खुर्चीकडे गेले नाही. सूत्रसंचालकाकडे गेले आणि माईकला हात लावला. तो म्हणाला, "त्यांना दोन शब्द बोलायचेत, मी सांगतो तुम्हाला त्या काय..." मी मान हलवली. त्याने माईक सोडला नाही. मी ओढला.

"माज्या... मागं... डबा घेऊन... मानूस उभा हाय," मी म्हणाले. "त्येला... खाली... बसवा."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला असेल, माहीत नाही. समोर कुणी खोकलं. कुणी हसलं. मी थांबले आणि पुन्हा म्हणाले, अख्खं वाक्य, पहिल्यापासून. आता हसणं थांबलं. पहिल्या रांगेतले पुढारी मागे वळून पडद्याकडे बघायला लागले. तो माणूस पाना हातात घेऊन तसाच उघडा पडला होता.

"मी खरी... घाबरते," मी म्हणाले. "त्ये मी... करून... दाखवनार न्हाई. आज न्हाई. कवाच न्हाई."

 आणि मग लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सगळ्यांनी. एकदम. मनापासून. आणि त्या आवाजाने मी पडले.

मान आधी, मग खांदा, मग हात. माईक घरंगळला आणि किंचाळला, त्याने आणखी एक झटका आला. नटी खुर्चीतून उठून धावली. खरंच घाबरली होती ती, तेव्हा मी तिचा घाबरलेला चेहरा पहिल्यांदा बघितला. तिने माझ्या काखेत हात घातला.

"हात... लावू नका," मी म्हणाले.

"अगं पण..."

"लावू नका."

ती मागे सरली. "मला वाटलं, तुला आवडेल," ती हळूच म्हणाली. टाळ्या विरत गेल्या. मी फळ्यांवर पडून होते आणि पाचशे माणसं गप्प बसून बघत होती, आणि यावेळी 'उठवा तिला' म्हणणारं कुणी नव्हतं. मी आधी गुडघा वळवला. मग उजवा हात टेकला. घसरला. पुन्हा टेकला. लोकांना अवघडल्यासारखं होत होतं, ते मला ऐकू येत होतं, खुर्च्या करकरत होत्या. अवघडू दे. मी माझ्या वेळाने उठले. शाल आणि नारळ टेबलावर तसेच राहिले आणि मी पाच पायऱ्या उतरले.

याने काही पालटलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी चौकात लोक म्हणत होते, पाहुण्यांचा अपमान केला, उपकाराची जाण नाही, यांच्या लोकांचं हे असंच. सिनेमा पुढे टीव्हीवर लागत राहिला आणि जितक्या वेळा लागला तितक्या वेळा पोरं बूथवर आली. मी चुलतभावाला बसू दिलं नाही. स्टूल फिरवलं, पाठ भिंतीला लावली, तोंड काचेकडे. हायवे ओलांडताना आजही माझं तोंड कोरडं पडतं. कुणी काच वाजवली की मी पडते, उठते, बाहेर जाते आणि वाजवणाऱ्याला म्हणते, थांब, माझं बोलणं पुरं होईपर्यंत हलायचं नाही. बहुतेक जण पळतात. जे थांबतात ते पुन्हा वाजवत नाहीत.

मोबाइल आले, बूथ ओस पडायला लागला, तेव्हा एकदा पुण्याहून फोन आला. मालिका काढत होते. माझ्यासारखीच एक मुलगी होती तिच्यात. बोलणारा फार अदबीने बोलत होता. "आमची नटी चार दिवस तुमच्याकडे राहील, नुसतं निरीक्षण करेल. तुम्हाला काहीच त्रास नाही."

माझा हात दुमडला. नुसत्या 'निरीक्षण' या शब्दाने. मी रिसीव्हर खांद्याने दाबून धरला.

"नटी नको," मी म्हणाले. "भूमिका... मला द्या. मी येते."

 मग तो म्हणाला, "तुम्हाला अभिनय..."

"तिला चार दिवसांत माझं जिणं शिकवणार म्हणता. मला तेवढ्यात अभिनय शिकवा."

त्याने फोन ठेवला. पुन्हा केला नाही. करणारही नाही, मला माहीत आहे. पण कुणीतरी करेल, हा नाही तर दुसरा, कारण त्यांना आमच्या गोष्टी लागतात आणि आम्ही लागत नाही. ज्या दिवशी करेल त्या दिवशी मी घाबरलेलीच असेन. आणि सांगेन तेच. माझं काम मला द्या, माझं नाव पडद्यावरच्या पाटीवर लिहा. ते जमत नसेल तर माझ्या अंगाकडे बघायचं नाही.